आशेची तारीख

१९४४ सालचा नाताळ घरी करू, अशी आशा जर्मनीतल्या डाखाऊच्या पोटछावण्यांमधल्या कैद्यांनी धरली होती. आशेला आधार नव्हता असंही नाही. जूनमध्ये दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीला उतरल्या होत्या, ऑगस्टमध्ये पॅरिस सुटलं होतं, पूर्वेकडून रशियन पुढे सरकत होते. नाताळ आला आणि गेला. सुटका झाली नाही. त्या नाताळपासून नववर्षापर्यंतच्या आठवड्यात छावणीत पूर्वी कधी मेली नव्हती इतकी माणसं मेली, असं तिथल्या डॉक्टरने तिथेच कैदी असलेल्या व्हिक्टर फ्रँकल या मनोविकारतज्ज्ञाला सांगितलं. त्याच्या मते कारण वाढलेल्या कामात नव्हतं, घटलेल्या अन्नात नव्हतं, बदललेल्या हवेत किंवा नव्या साथीतही नव्हतं. धरलेली तारीख तेवढी उलटून गेली होती.

फ्रँकलने आणखी एकाची हकीकत लिहून ठेवली आहे. छावणीत येण्याआधी तो माणूस बऱ्यापैकी नावाजलेला संगीतकार होता, ऑपेरांच्या संहिताही लिहायचा. १९४५ च्या फेब्रुवारीत त्याला स्वप्न पडलं. काय विचारायचं ते विचार, असं स्वप्नात कुणीतरी म्हणालं, तेव्हा त्याने आपल्यापुरतं हे युद्ध कधी संपेल ते विचारलं. उत्तर मिळालं, ३० मार्च. फ्रँकलच्या कानात त्याने ही तारीख सांगितली तेव्हा स्वारी खुशीत होती. मार्च सरत आला तरी आघाडीवरच्या बातम्या तशाच. २९ तारखेला त्याला सडकून ताप भरला, ३० तारखेला त्याची शुद्ध हरपली, ३१ तारखेला तो गेला. वरवर पाहता कारण टायफसचं.

ही दोन्ही निरीक्षणं विज्ञान म्हणून घेऊ नयेत. डॉक्टरचा तो अंदाज होता, नोंदवह्या मांडून केलेला हिशोब नव्हे. आणि त्या हिवाळ्यात टायफसला कुणाच्या स्वप्नाची गरज नव्हती. तरीही निरीक्षण खोटं वाटत नाही, कारण ते इतरत्रही सापडतं. जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकी नौदलाचा वैमानिक १९६५ च्या सप्टेंबरात उत्तर व्हिएतनाममध्ये पकडला गेला आणि १९७३ च्या फेब्रुवारीत सुटला. तुरुंगात कोण टिकले नाहीत, असं त्याला पुढे विचारलं तेव्हा त्याने आशावाद्यांकडे बोट दाखवलं. नाताळला सुटू म्हणणारे, मग ईस्टरला सुटू म्हणणारे, मग पुन्हा नाताळ. (त्याचं हे सांगणं पुढे व्यवस्थापनाच्या पुस्तकात गेलं आणि तिथून सेमिनारांत. तो भाग सोडून देऊ.)

छावणीतल्या या अनुभवांवरचं फ्रँकलचं पुस्तक १९४६ साली जर्मनमध्ये निघालं, नऊ दिवसांत त्याने ते तोंडी सांगून उतरवून घेतलं होतं. मराठीत त्याचा अनुवाद झालेला आहे, इंग्रजीतून वाचणारेही आपल्याकडे पुष्कळ. पण आपण त्याला ठेवलं आहे ते ‘सकारात्मक विचारां’च्या फळीवर. स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधल्या व्याख्यानात, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये, सकाळी सहाला येणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप सुविचारात तो येतो तो ऑशविट्झमध्ये वर्षानुवर्षं राहून मनोबलावर तरलेला महापुरुष म्हणून. प्रत्यक्षात ऑशविट्झमध्ये तो काही दिवसच होता. त्याआधी दोन वर्षं थेरेजिनस्टाटच्या घेट्टोत, त्यानंतर कॉफरिंग आणि ट्यूर्कहाइम या डाखाऊच्या पोटछावण्यांत. वडील थेरेजिनस्टाटमध्ये गेले, आईला ऑशविट्झमध्ये मारलं, भाऊ मारला गेला, बायको बेर्गेन-बेल्सेनमध्ये संपली. वडील त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते, बाकीच्यांचं सुटकेनंतरच त्याला कळत गेलं. आणि मुख्य म्हणजे ज्याला आपण आशेचा प्रवक्ता करून टाकलं आहे, त्याने आशेने माणसं मेल्याची नोंद करून ठेवली आहे. ती पानं सुविचारात येत नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आशा आणि अर्थ यांना आपण एकच समजतो. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुःख अगदी टोकाला गेलं की कित्येकदा एकमेकींच्या आड येतात. आशेला तारीख लागते. अर्थाला माणूस लागतं किंवा काम लागतं, ज्याला आपल्यावाचून अडेल असं. आणि हे माणूस किंवा काम पिचलेल्या माणसाने एकट्याने मनाच्या तळातून उपसून काढावं, ही अपेक्षा चुकीची आहे. बहुतेक वेळा ते भोवतालच्यांनी त्याच्या हातात द्यावं लागतं.

तारखेची आशा कशी असते ते पाहायला जर्मनीपर्यंत जायला नको. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, जिथे टाटाचे पेशंट आणि त्यांच्यासोबतची माणसं महिनोन् महिने मुक्कामाला असतात, तिथे संध्याकाळी बसलं तरी पुरे. बीडचं कुटुंब असतं, जळगावचं असतं, बिहार-बंगालमधली तर कितीतरी. फोनवर सगळ्यांचं बोलणं एकाच वळणाचं. केमोच्या सहा सायकल झाल्या की सुट्टी. गणपतीला गावी. गणपती हुकले तर दिवाळीचा फराळ घरी. मग एके सकाळी रक्ताचा रिपोर्ट येतो, काउंट कमी आलेले असतात आणि सायकल पुढच्या आठवड्यावर जाते. तेवढ्याने काही बिघडत नाही, डॉक्टरांच्या दृष्टीने ही रोजची गोष्ट आहे. पण गावाकडे शब्द दिलेला असतो. तारीख आठ दिवसांनी ढकलली, की बाईचं तोंड उतरतं, नवरा जिन्यात जाऊन उभा राहतो, आणि ज्या मुलाच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी जायचं ठरलं होतं त्याला फोन कुणी करायचा यावर दोघांचं भांडण होतं.

अशा वेळी नातेवाइकांकडे एक वाक्य तयार असतं: पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार मनाचाच असतो. बोलणारा मायेनेच बोलतो. पण या वाक्याला दुसरी बाजू आहे आणि ती माणूस गेल्यावर ऐकू येते. त्याने हाय खाल्ली हो. धीरच सोडला होता शेवटी. म्हणजे गाठ पसरली ती त्याने धीर सोडला म्हणून. मेलेल्या माणसावर इतका मोठा आरोप आपण चहा पिता पिता करून मोकळे होतो. जेम्स कॉइन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोंड, घसा व मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. मनाची अवस्था कशी होती आणि रुग्ण किती जगला, यांचा संबंध त्यांना सापडला नाही. तंबाखूमुळे आपल्याकडे ज्या कॅन्सरने वॉर्ड भरलेले असतात, त्यातलाच हा कॅन्सर. उमेदीने राहिल्याने दिवस बरे जातात, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात, घरच्यांना हलकं वाटतं, हे सगळं खरं. पण उमेद हे औषध नाही. ते औषध आहे असं सांगणारा माणूस रुग्णाच्या गळ्यात आजारासोबत एक परीक्षाही बांधतो.

छावण्यांच्या बाबतीत मनोबल आणि जगणं यांचा हा हिशोब प्रिमो लेव्हीने सर्वांत कठोरपणे मांडला. लेव्ही तुरीनचा रसायनशास्त्रज्ञ. १९४३ च्या डिसेंबरात पकडला गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, फेब्रुवारीत ऑशविट्झच्या मोनोवित्झ छावणीत पोचला. मालगाडीच्या त्याच्या डब्यात पंचेचाळीस जण होते, त्यातले चौघे घरी परतले. लेव्ही त्या चौघांत कसा आला? तो स्वतः सांगतो ती कारणं अशी: रसायनशास्त्र येत होतं म्हणून शेवटचा हिवाळा प्रयोगशाळेत, छपराखाली गेला. लोरेन्झो नावाचा एक इटालियन गवंडी, जो कैदी नव्हता, त्याला सहा महिने रोज सूप आणून देत होता. आणि १९४५ च्या जानेवारीत, जर्मनांनी छावणी रिकामी करून हजारो कैद्यांना बर्फातून चालवत नेलं तेव्हा, त्याला स्कार्लेट फीवर झालेला होता. आजाऱ्यांना मागे टाकलं. त्याचा जिवाभावाचा दोस्त आल्बेर्तो याला हा ताप लहानपणीच येऊन गेला होता, त्यामुळे आता आला नाही. आल्बेर्तो धडधाकट होता, चालत गेला आणि परत आला नाही. २७ जानेवारीला रशियन पोचले तेव्हा आजारी लेव्ही जिवंत होता.

या गोष्टीतून मनोबलाचा काय धडा काढायचा? युद्धानंतर एका श्रद्धाळू मित्राने लेव्हीला सांगितलं, की तू वाचलास तो साक्ष देण्यासाठी, देवाने त्यासाठीच तुला राखलं. आपल्याकडेही अपघातातून उठलेल्याला हेच सांगतात, देवाने काहीतरी कामासाठी ठेवलंय बघ. लेव्हीला ते बोलणं राक्षसी वाटलं. मग जे राखले गेले नाहीत, त्यांचं काय? चांगले ते गेले, असं तो म्हणतो, आणि फ्रँकलही पुस्तकाच्या सुरुवातीलाच जवळपास हेच कबूल करतो. एकाला आपण आशेच्या फळीवर ठेवलं, दुसऱ्याला निराशेच्या. या एका मुद्द्यावर दोघेही एकत्र आहेत: जगलो ते लायकीने नव्हे.

तेव्हा अर्थ सापडल्याने माणूस वाचतो, ही समजूत बाजूला ठेवू. मग तो सापडून उपयोग काय? या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत सरळ उत्तर वॉर्सा घेट्टोतल्या डॉक्टरांनी दिलं, आणि त्यांनी ते उत्तर म्हणून दिलंच नव्हतं.

भिंत घालून कोंडलेल्या त्या घेट्टोत चार लाखांहून अधिक ज्यू होते आणि सरकारी शिधा जगण्यापुरताही नव्हता. फुटपाथवर रोज प्रेतं असत, वर्तमानपत्राने झाकलेली. १९४२ च्या फेब्रुवारीत तिथल्या डॉक्टरांनी एक संशोधन हाती घेतलं. विषय, उपासमारीचा माणसाच्या शरीरावर परिणाम. प्रमुख होते डॉ. इस्राएल मिलेयकोव्स्की. उपकरणं चोरून आत आणली. मोठ्यांच्या इस्पितळात मोठ्यांचा, मुलांच्या इस्पितळात मुलांचा अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, रक्ताभिसरण, चयापचय, डोळे, हाडांचा मगज, अंगावर चढणारी सूज, शवविच्छेदनात दिसणारं काळीज. पोटात अन्न नसलेल्या पोराचा चेहरा म्हाताऱ्यासारखा कसा होत जातो, तो आधी खेळणं कधी सोडतो आणि मग हलणं कधी सोडतो, हे टप्प्याटप्प्याने टिपलं. सामान्य काळात अशी माणसं कुठल्याच डॉक्टरला अभ्यासाला मिळत नाहीत. घेट्टोत ती हवी तेवढी होती. आणि टिपणारे हातही उपाशीच होते. जो रोग ते लिहून काढत होते तो त्यांच्याच अंगात होता.

२२ जुलै १९४२ ला घेट्टोतून ट्रेब्लिंकाला गाड्या सुटायला लागल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक माणसं नेली. प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली, काम करणाऱ्यांतले कित्येक गेले. उरलेल्यांनी वाचलेली टिपणं जुळवली, प्रकरणं लिहून पुरी केली आणि हस्तलिखित भिंतीपलीकडे एका पोलिश प्राध्यापकाकडे पोचवलं. १९४६ मध्ये ते वॉर्सात छापून निघालं. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक तोवर मारले गेले होते.

या डॉक्टरांकडे आशा होती का? स्वतःपुरती नक्कीच नव्हती, गाड्या कुठे जातात हे त्यांना कळलेलं होतं. औषध सापडेल आणि रुग्ण बरे होतील, हीदेखील नव्हती, कारण उपासमारीचं औषध त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि ते भिंतीबाहेर विकलं जात होतं. तरीही रोज सकाळी त्यांनी वजनं केली. त्यांना ‘प्रेरणा’ वगैरे मिळाली असेल असं मला वाटत नाही. त्यांना काम होतं, ते काम त्यांच्यावाचून होणार नव्हतं, आणि पुढे कुठेतरी कुणा उपाशी माणसावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते लागणार होतं. आशा संपलेली आणि अर्थ शाबूत, अशी ही स्थिती आहे. आपल्या सुविचारांना ती माहीतच नाही.

त्याच घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लूम हा इतिहासकार आणि त्याचे सोबती गुपचूप दफ्तर जमवत होते. डायऱ्या, सरकारी फर्मानं, शाळेतल्या मुलांचे निबंध, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद. ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. एक भाग १९४६ मध्ये, दुसरा १९५० मध्ये ढिगाऱ्याखालून निघाला, तिसरा अजून मिळालेला नाही. रिंगेलब्लूमला १९४४ च्या मार्चमध्ये गोळी घातली होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला टाळता येणार नाही. डॉक्टरांना डॉक्टरकी होती, इतिहासकाराला इतिहास. ज्याच्या हाती काहीच उरलेलं नाही, त्याने काय करायचं? त्याला अर्थ सापडत नसेल, तर तो कमी पडला का? याचं उत्तर जाँ आमेरीकडून ऐकावं. हाही फ्रँकलसारखा व्हिएन्नाचाच, मूळ नाव हान्स मायर. बेल्जियममध्ये नाझीविरोधी पत्रकं वाटताना १९४३ मध्ये पकडला गेला. ब्रेंडोंकच्या किल्ल्यात हात पाठीमागे बांधून त्याला आकड्याला टांगलं, दोन्ही खांदे निखळले. पुढे ऑशविट्झ. १९६६ साली त्याने पुस्तक लिहिलं आणि त्यात बरं व्हायला साफ नकार दिला. ज्याचा छळ झाला तो छळातच राहतो, काळ जाईल तसं सगळं भरून निघतं ही गोष्ट छळणाऱ्यांच्या सोयीची आहे, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी, की धर्मावर किंवा मार्क्सवर गाढ श्रद्धा असलेले कैदी आपल्यासारख्या नास्तिक, शंकेखोर बुद्धिजीवींपेक्षा छावणीत चांगले टिकले, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. म्हणजे जगण्याला अर्थ असला की माणूस टिकतो, हा फ्रँकलचा मुद्दा त्याला मान्य आहे. आणि तरी आपल्याला त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं, असंही तो सांगतो. १९७८ मध्ये त्याने आत्महत्या केली. या माणसाला नापास ठरवणाऱ्या कुठल्याही जीवनदृष्टीशी मला काही देणंघेणं नाही.

तेव्हा प्रश्न उलटा करायला हवा. हा माणूस अर्थ शोधतो आहे का, हे विचारण्याआधी त्याला अर्थ लागेल अशी जागा भोवतालच्यांनी ठेवली आहे का, हे विचारावं. आणि याचं उदाहरण मात्र आपल्या घरचं आहे.

बाबा आमट्यांना कुष्ठरुग्णांची आधी भीतीच वाटली होती. वरोऱ्यात गटाराशी पडलेला, हातापायांची बोटं झडलेला तुळशीराम पाहून ते पळाले होते, हे ते स्वतःच सांगत. त्या भीतीतून काम सुरू झालं. १९५१ च्या सुमारास वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभं राहिलं ते मूठभर रुग्ण आणि एका लंगड्या गायीनिशी, असं सांगतात. तेव्हा देशात १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट लागू होता (तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं). घरच्यांनी टाकलेला, गावाने हाकललेला, बायकोला घटस्फोट मागायला कायद्याने कारण दिलेला असा तो माणूस. त्या काळी अशा माणसासाठी दोनच सोयी होत्या: भीक, नाहीतर धर्मादाय आश्रम. दोन्हींकडे त्याच्याकडून मागितलं जात नसे काहीच.

आनंदवनात त्याच्याकडून मागितलं गेलं. विहीर खणायला, दगड फोडायला, भाजी पिकवायला. यातला बारकावा पाहण्यासारखा आहे. कुष्ठरोगात बोटं सडून गळतात ती रोगाने नव्हे, हे वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने दाखवून दिलं. रोगाने मज्जातंतू मरतात, दुखणं थांबतं, आणि मग तापलेलं भांडं, रुतलेला काटा, चपलेतला खडा हात-पाय संपवत नेतात. म्हणजे कुदळ देताना ती कुणाच्या हातात, कशी, किती वेळ द्यायची, तिच्या दांड्याला काय गुंडाळायचं, रात्री हाताला कुठे फोड आलाय हे कुणी बघायचं, हे सगळं आलं. काम देणं हे भिक्षा देण्याहून कितीतरी किचकट असतं. भीक माणसाला संपवते आणि काम उभं करतं, असं बाबा सतत सांगत, पण त्यातला हा किचकटपणा त्यांच्या पत्नी साधनाताई आणि तिथले कार्यकर्ते रोज निस्तरत होते. पुढे साठच्या दशकात आनंदवनाने वरोऱ्यात कॉलेज काढलं. ज्यांना गावात पाऊल टाकू देत नव्हते त्यांच्या कष्टांवर उभ्या राहिलेल्या कॉलेजात त्याच गावची पोरं शिकायला आली.

आनंदवनातल्या माणसांना कुणी आशेची तारीख दिली नव्हती. गळालेली बोटं परत येणार नव्हती, घर बहुतेकांना परत घेणार नव्हतं. पण उद्या सकाळी गाईचं दूध त्यांनी नाही काढलं तर ती ओरडणार होती, वाफ्याला पाणी नाही दिलं तर वांगी वाळणार होती. अर्थ ही इतकी साधी, इतकी व्यवस्थेची गोष्ट असू शकते. मराठी बायका एकमेकींना म्हणतात, पोरांकडे बघून दिवस काढायचे. या वाक्याची थट्टा करू नये. फ्रँकलने शेकडो पानांत जे लिहिलं त्यातलं बरंच त्यात आहे: जगाकडून मला काय मिळणार हा प्रश्न सोडून दे, माझ्याकडून कुणाला काय हवं आहे ते बघ.

पण त्याच वाक्यात धोकाही आहे, आणि तो विदर्भात उघडा पडतो. नवऱ्याने आत्महत्या केली की बाईला हे वाक्य सांगायला सगळेच येतात. सरकार येतं ते एक लाख रुपयांचा प्रस्ताव घेऊन: तीस हजार हातात, सत्तर हजार खात्यात अडकवून. तेही प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा हे कागदावर सिद्ध व्हावं लागतं. सावकाराकडून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेले पैसे, बहिणीच्या नवऱ्याकडून तोंडी घेतलेले पैसे कुठल्या कागदावर दाखवायचे? प्रकरण ‘अपात्र’ होतं, म्हणजे सरकारदफ्तरी तो माणूस शेतीपायी मेलाच नाही. नंतर त्याच तालुक्याच्या गावी मनोबलाचं शिबिर लागतं, ताणतणाव व्यवस्थापनाचं व्याख्यान होतं.

फ्रँकलचा आधार अशा शिबिरांना घेता येत नाही. टाळता येण्यासारखं दुःख असेल तर त्याचं कारण आधी दूर करा, तिथे सोसण्यात काही थोरपण नाही, असं त्याने स्वच्छ लिहिलं आहे. अर्थ शोधायचा तो जे टळतच नाही त्यात. कापसाचा भाव, पीकविम्याचा पंचनामा, बँकेच्या कर्जाचं पुनर्गठन या गोष्टी कॅन्सर नव्हेत. त्या माणसांनी ठरवलेल्या आहेत आणि माणसांना बदलता येतात. शेतकरी नेते शरद जोशींनी १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली आणि शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, तेव्हा ते बाईच्या मनोबलाबद्दल बोलत नव्हते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला तलाठी उभं करून घेतो, बँक दारात घेते, दीर दमात घेऊ शकत नाही. पोरांकडे बघून दिवस काढण्याआधी तिला निदान उभं राहायला जागा हवी. ती नसताना तिला धीराचं बोलणं म्हणजे तिच्याच डोक्यावर आणखी एक ओझं.

एवढं सगळं मांडलं तरी माझं म्हणणं एका माणसापाशी अडतं, आणि तो वर येऊन गेला आहे. लेव्हीला सूप देणारा गवंडी, फोस्सानोचा लोरेन्झो पेरोने. फार बोलणारा नव्हता, फार शिकलेलाही नव्हता. पकडला गेला असता तर त्याचीही कैद्यांसारखीच गत झाली असती. आपण जगलो ते त्याच्यामुळे, असं लेव्ही म्हणतो, आणि सूप हे त्यातलं दुय्यम कारण मानतो. छावणीबाहेर अजूनही काहीतरी चांगलं, न विटाळलेलं शिल्लक आहे, हे लोरेन्झोच्या असण्यामुळे त्याला पटत राहिलं. कुणाला तरी आपली गरज असणं म्हणजे अर्थ, असं मी इतका वेळ म्हणतो आहे. तसं असेल, तर त्या सहा महिन्यांत लोरेन्झोइतका अर्थपूर्ण जगलेला माणूस त्या सगळ्या परिसरात नसेल.

युद्ध संपल्यावर लोरेन्झो बराचसा पायीच इटलीला परतला. वाटेत तुरीनला थांबून त्याने लेव्हीच्या आईला सांगितलं, की ऑशविट्झचे ज्यू मेले, आता वाट बघू नका. काही महिन्यांनी लेव्ही परतला आणि त्याला भेटायला फोस्सानोला गेला, तर समोर थकून गेलेला माणूस. त्याने गवंडीकाम सोडलं होतं, भंगार गोळा करून विकत होता आणि मिळालेले पैसे दारूत घालत होता. हिवाळ्यात उघड्यावर झोपायचा. लेव्हीने तुरीनमध्ये त्याच्यासाठी काम बघितलं, त्याने ते नाकारलं. आजारी पडला तेव्हा लेव्हीने डॉक्टर मित्रांकरवी इस्पितळात जागा मिळवली. तिथे दारू मिळत नव्हती, तो निघून गेला. १९५२ मध्ये मेला. जग पाहिलं होतं, ते त्याला आवडलं नव्हतं, एवढंच कारण लेव्हीला सापडतं. वाचलेल्यांना जो रोग होतो त्याने तो मेला, आणि तो तर कैदीही नव्हता.

लेव्हीने त्याच्यासाठी जे केलं तेच मी वर सांगत आलो आहे: काम बघून दिलं, इस्पितळात जागा मिळवून दिली, उपदेश केला नाही. ते पुरलं नाही. नंतर लेव्हीला कळलं, की छावणीत लोरेन्झो आणखीही काही कैद्यांना असंच अन्न पुरवत होता. त्यांच्याबद्दल तो लेव्हीपाशी कधी बोलला नव्हता.